मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती, आणि जाता-येता वेळ वेगळा का दाखवतात?

तुम्ही विचारलंय की आईला मुंबईहून न्यूयॉर्कला थेट फ्लाइटने एकटीला पाठवायचंय, अंतर किती आहे आणि जाताना १६ तास, येताना साडेचौदा असं दिसतंय ते चुकलंय का. नाही, बरोबर आहे. माझी आई दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती, मी पण तेव्हा हेच शोधत बसलो होतो.

अंतर म्हणाल तर साधारण १२,५०० किमी. पण हे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा, तो आफ्रिकेकडे जातच नाही, वर वर चढत रशिया, मग स्वीडन-नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या खालच्या टोकावरून अमेरिकेत उतरतो. मी केलंय हे, आईचा विश्वास बसत नव्हता म्हणून. विमान ताशी ९०० किमीने गेलं तर हिशोबाने १४ तास व्हायला हवेत.

मग वरचे दोन तास कुठून आले? तर एक म्हणजे वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत जास्तच. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. समोरून वारा असताना सायकल मारलीये ना कधी, तसंच. सीटसमोरच्या स्क्रीनवर बघायला सांगा, जाताना स्पीड ८०० च्या आसपास रेंगाळतो, येताना हजाराच्या वर जाताना मी स्वतः बघितलाय, विमान तेच आणि इंजिनं पण तीच.

दुसरं म्हणजे तो दोऱ्याचा रस्ता मिळतोच असं नाही. २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जायला बंदी केली, त्यामुळे आधी अरबी समुद्रावरून वळसा. अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना २०२२ पासून रशिया बंद. म्हणजे कंपनीप्रमाणे पण वेळ बदलतो. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीकडे जाताना रांगेत उभं राहणं वगैरे धरून.

आता खरा गोंधळ घड्याळाचा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. आई रात्री २ ला निघाली, १६ तासांनी तिकडे सकाळचे साडेआठ, तारीख तीच. फोनवर मला म्हणते, "अरे साडेसहा तासांत तर आले, तू उगाच घाबरवलंस!" येताना उलटं, सोमवारी दुपारी १२ ला निघाली ती मुंबईत मंगळवारी दुपारी १२ ला, एक अख्खी रात्र कुठे गेली ते तिला अजून कळलेलं नाही.

बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. आणि हातातलं घड्याळ तिकडे उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर राहू दे, आम्ही तेच केलं, मोबाइल मात्र पोचल्यावर आपोआप बदलतो तेवढं तिला आधी सांगून ठेवा.