मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांवरील निवासी बार्जचा बाजार कसा चालतो?

आपला प्रश्न असा आहे की, समुद्रातील तेल आणि वायू क्षेत्रांवर कामगारांच्या मुक्कामासाठी तरंगती निवासस्थाने भाड्याने घेतली जातात, त्यांची मागणी कशावर अवलंबून असते आणि तेवढ्याच खाटांसाठी दरांत इतकी तफावत का दिसते. ऑफशोअर देखभालीच्या कंत्राटांच्या नियोजनाचे काम मी करत आलो आहे, म्हणून मला परिचित असलेल्या मुंबई हायपासूनच सुरुवात करतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील या क्षेत्राचा शोध १९७४ साली लागला आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील मोठ्या प्लॅटफॉर्मवर राहण्याची सोय असते, पण ती रोजचे उत्पादन चालवणाऱ्या माणसांपुरतीच. विहिरींच्या अनेक लहान प्लॅटफॉर्मवर तर मुक्कामाला कोणीच नसते. जुनी पाइपलाइन बदलायची, गंजलेला डेक दुरुस्त करायचा किंवा नवा प्लॅटफॉर्म जोडायचा म्हटले की एकाएकी शेकडो वेल्डर, फिटर, रिगर (जड सामान उचलून बसवणारे) आणि रंगारी लागतात. त्यांची रोज हेलिकॉप्टरने ने-आण करणे परवडत नाही, शिवाय कामाचे तासही त्यात निघून जातात. प्लॅटफॉर्मवरच चार खाटा वाढवाव्यात, तर तेही शक्य होत नाही. कारण तेथे किती माणसे ठेवता येतील हे लाइफबोटींमधील जागांवर ठरते. म्हणून काही महिन्यांसाठी निवासी बार्ज, म्हणजे राहण्याच्या खोल्या असलेली सपाट तळाची नौका, आणून प्लॅटफॉर्मजवळ उभा केला जातो. याचा अर्थ असा की ही मागणी तेलाच्या उत्पादनामागे नव्हे, तर बांधकाम आणि देखभालीच्या खर्चामागे चालते. आणि तेलाचे भाव पडले की पुढे ढकलण्याजोगी देखभाल सर्वांत आधी पुढे ढकलली जाते.

२०१४ च्या मध्यात पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेला, तेव्हा याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. चांगल्या काळात मागवलेल्या नव्या निवासी नौकांपैकी काही तयार होऊनही करार न मिळाल्यामुळे चीनमधील शिपयार्डातच वर्षानुवर्षे पडून राहिल्या. प्रोसेफ आणि फ्लोटेल इंटरनॅशनल या या क्षेत्रातील दोन अग्रगण्य कंपन्यांना आपल्या कर्जांची पुनर्रचना करावी लागली. एकाच कामासाठी बांधलेली ही महागडी नौका रिकामी राहिली तरी तिचे व्याज, विमा आणि किमान खलाशांचा पगार चालूच राहतो. त्यामुळे मालक तोट्याचा दरही स्वीकारतो, आणि पुढे मागणी परतली की तोच दर झपाट्याने चढतो.

दरांतील तफावतीचे मुख्य कारण मात्र समुद्र हे आहे. उत्तर समुद्रात हिवाळ्यातही प्लॅटफॉर्मला जोडलेला पूल टिकून राहावा, यासाठी अर्धजलमग्न (अर्धा भाग पाण्याखाली ठेवून लाटांत स्थिर राहणाऱ्या) प्रकारची भव्य नौका लागते. ब्राझीलच्या खोल पाण्यात तळावर नांगर टाकून उभे राहणे अवघड असते. तेथे संगणकाच्या नियंत्रणाखाली स्वतःच्या प्रोपेलरनी जागा धरून ठेवणारी नौका हवी असते. पर्शियाच्या आखातासारख्या उथळ पाण्यात समुद्रतळावर पाय टेकवून उभे राहणारे जॅक-अप बार्ज भागवतात. आपल्याकडे पाणी तुलनेने उथळ असल्याने नांगरांवर उभा राहणारा, बहुतेक वेळा स्वतःचे इंजिन नसलेला बार्ज स्वस्तात मिळतो आणि तोच पुष्कळदा वापरला जातो.

येथे आपल्या बाजाराची एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. ठोक रकमेच्या कंत्राटात बार्ज कंत्राटदारच आणतो आणि त्याचा खर्च बोलीतच धरतो. काम सर्वांत कमी बोलीला जाते. शिवाय पावसाळ्यात समुद्रातील बरीचशी कामे थांबतात, त्यामुळे सर्वांना बार्ज ऑक्टोबर ते मे याच काळात हवे असतात आणि मे महिन्यातील प्रत्येक दिवस पदरात पाडून घेण्याची ओढ असते. मान्सूनपूर्व चक्रीवादळांचा काळही नेमका तोच आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. तो बार्ज आणि वरप्रदा ही टगबोट (इतर नौका ओढणारी बोट) मिळून ८६ जणांचे प्राण गेले. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना वाचवले. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात २७ मार्च १९८० रोजी अलेक्झांडर एल. किलँड ही निवासी नौका उलटून १२३ जणांचा मृत्यू झाला होता, म्हणजे हा धोका कोणालाही नवा नव्हता.

त्यामुळे आपण या व्यवसायात गुंतवणुकीच्या किंवा नोकरीच्या दृष्टीने पाहत असाल, तर नुसता दर दिवसाचा भाव पाहू नका. वर्षातले किती दिवस नौका करारावर असते, तिची ने-आण करण्याचा खर्च कोणाच्या माथी आहे, आणि वादळामुळे काम थांबलेल्या दिवसांचे भाडे मिळते की नाही, हे करारात वाचावे. हे शेवटचे कलम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. अशा दिवसांचे भाडे नक्की मिळणार असेल, तर इशारा येताच बार्ज बंदराकडे ओढून नेण्याचा निर्णय घेताना मास्टरवर, म्हणजे बार्जच्या कप्तानावर, पैशाचे दडपण राहत नाही. ते भाडे कापले जाणार असेल, तर स्वतःचे इंजिन नसलेल्या बार्जसाठी पुरेशा ताकदीची टग सतत जवळ ठेवलेली आहे का, आणि जागा सोडण्याचा अंतिम अधिकार कोणाला दिला आहे, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.