मोजक्या पैशांत पळण्यासाठी नीट बसणारे बूट कसे निवडावेत?

नव्याने पळायला सुरुवात करायची आहे, खर्चाला मर्यादा आहे, तेव्हा पायात नीट बसणारे बूट कसे ओळखावेत आणि स्वस्त बुटांमुळे गुडघे दुखावतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे पळतो आहे आणि महाग व स्वस्त अशा दोन्ही प्रकारच्या बुटांत पळलो आहे. पैसे बेताचे असतील तर जी काही चिकित्सा करायची ती मापाची करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण पायात चपखल बसणारा साधा बूट हा बोटांना दाबणाऱ्या महाग बुटापेक्षा केव्हाही उजवा ठरतो, आणि माप घ्यायला खर्च येत नाही.

माप घरीच घ्या, आणि तेही संध्याकाळी. दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेले असतात आणि पळतानाही ते तसेच फुगतात. ज्या मोज्यांत पळणार असाल तेच मोजे घालून, भिंतीला टेकवलेल्या कागदावर टाच भिंतीला लावून, पूर्ण भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पायाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. पेन्सिल उभी धरायला हवी. ती आत कलली की रेघ तळव्याखाली शिरते आणि माप कमी भरते. लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते. रुंदी मात्र चवड्याच्या सर्वांत रुंद जागी मोजा. दोन्ही पायांची मापे घ्या, कारण ती क्वचितच सारखी निघतात; बूट निवडायचा तो मोठ्या पायाच्या मापाने.

केवळ नंबरावर विसंबून राहू नका. ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे ८.५ मिलिमीटर, तर युरोपीय पद्धतीत सुमारे ६.७ मिलिमीटर, शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा निराळा असल्याने एकाच नंबराचे दोन बूट पायात वेगवेगळे बसतात. बुटाच्या जिभेमागच्या लेबलावर बहुधा सेंटिमीटरमधील आकडाही छापलेला असतो. तुमच्या कागदावरच्या मापाशी ताडून पाहायला तो अधिक उपयोगी पडतो.

बूट घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांच्यात साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. पळताना, विशेषतः उतारावर, पाय दर पावलाला थोडा पुढे सरकतो. ही जागा नसेल तर नख बुटावर आपटत राहते आणि काळेनिळे पडते. हे बहुतेकांना ठाऊक असते. दुर्लक्ष होते ते रुंदीकडे. चवड्याच्या दोन्ही बाजूंनी वरचे कापड ताणून तळाच्या कडेबाहेर फुगले असेल, किंवा थोड्या वेळाने करंगळी बधिर वाटू लागली, तर बूट अरुंद आहे. त्यातील इनसोल, म्हणजे आतली सुटी तळपट्टी, बाहेर काढता येत असेल तर काढा आणि त्यावर उभे राहा: पायाची कड त्याच्या बाहेर सांडत असेल तर पुढची चाचणी करण्याची गरजच उरत नाही.

अशा वेळी बरेच जण एक नंबर मोठा बूट घेतात आणि दुकानदारही तसेच सुचवतो. हा सल्ला मला पटत नाही. बूट चवड्याखाली, जिथे पायाची बोटे दुमडतात तिथेच वाकला पाहिजे. लांबी वाढवली की ही वाकण्याची जागा पुढे सरकते, टाच सैल पडते आणि रुंदीत मिळणारा फायदा अगदीच किरकोळ असतो. अनेक कंपन्या एकाच लांबीत निरनिराळ्या रुंदीचे बूट काढतात; पुरुषांच्या बुटांत ‘डी’ ही नेहमीची आणि ‘२ई’ ही रुंद, तर स्त्रियांच्या बुटांत ‘बी’ ही नेहमीची आणि ‘डी’ ही रुंद समजली जाते. त्यामुळे रुंद पायाच्या स्त्रीला पुरुषांचा ‘डी’ रुंदीचा बूटही चालून जातो, आणि तो सवलतीत मिळत असेल तर न घेण्याचे काही कारण नाही.

टाच किंचित हलली तर लगेच बूट नाकारू नका. नाडीच्या भोकांच्या रांगेत वरच्या टोकाशी, थोडे मागे, एक जादा भोक असते आणि बहुतेकांची नाडी तिथवर पोहोचतच नाही. नाडीचे टोक त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालून छोटा फास ठेवा, दुसऱ्या बाजूलाही तसेच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओढून नेहमीसारखी गाठ बांधा. एवढ्याने टाच जागेवर बसते. तरीही ती वर उचलली जात असेल तर मात्र तो बूट तुमचा नाही. ‘वापरून सैल होईल’ हे आश्वासनही मनावर घेऊ नका. पळण्याचा बूट पहिल्या दिवसापासून सुखद वाटला पाहिजे.

आता गुडघ्यांविषयी. ओल्या पायाचा ठसा पाहून, तळव्याच्या कमानीच्या आकारावरून बूट ठरवण्याची पद्धत अजूनही सांगितली जाते. अमेरिकी सैन्यदलांच्या प्रशिक्षणार्थींवर हे तपासले गेले, तेव्हा कमानीनुसार बूट दिलेल्यांत आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांत दुखापतींचा लक्षणीय फरक आढळला नाही. कॅलगरी विद्यापीठातील बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे मत मांडले की धावपटूने स्वतःला आरामदायक वाटणारा बूट निवडावा. हे मत खिशालाही परवडणारे आहे. नवख्यांच्या दुखण्यांचे कारण बुटाच्या किमतीपेक्षा एकाएकी वाढवलेल्या अंतरात अधिक वेळा सापडते.

पैसे वाचवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे मागील वर्षीचे मॉडेल. नव्या आवृत्तीत पुष्कळदा वरचे कापड आणि रंगच बदललेले असतात, आणि जुनी आवृत्ती बरीच स्वस्त होते. कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बन फायबरची कडक पट्टी बसवलेले, बूट शर्यतीसाठी असतात. रोजच्या संथ पळण्याला त्यांची गरज नाही. टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो सहसा ० ते १२ मिलिमीटर असतो. नेहमीच्या बुटांची सवय असताना एकदम शून्य ड्रॉपकडे वळलात तर पोटऱ्यांवर ताण येतो. दुसऱ्याने वापरलेले बूट मात्र टाळा, कारण तळ शाबूत दिसला तरी आतला फोम दबलेला असू शकतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावा लागतो आणि दुप्पट किमतीचा बूट दुप्पट अंतर टिकतोच असे नाही. वजनाला अगदी हलके असलेले काही बूट तर लवकर झिजतात.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याच्या अटी आधी वाचा, शक्य असल्यास लागोपाठचे दोन नंबर मागवा, लेबल न काढता घरातल्या स्वच्छ फरशीवर संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे जागच्या जागी धावून पाहा आणि जो पायाला टोचतो, दाबतो किंवा सैल वाटतो तो निःसंकोच परत पाठवा.