वाड्यावरच्या गरुडावरून आमचे मूळ यादवांचे की शिलाहारांचे, हे ठरवता येईल का?

निव्वळ गरुडावरून ठरणार नाही. राष्ट्रकूट, शिलाहार आणि देवगिरीचे यादव या तिन्ही घराण्यांनी गरुड मिरवला. शिवाय तुमचा वाडा तुम्ही लिहिता तसा उत्तर पेशवाईतला असेल, तर यादवांचे राज्य बुडाल्याला तेव्हा जवळजवळ पाचशे वर्षे झाली होती. दारावरचा गरुड सुताराच्या हौसेचाही असू शकतो.

चिन्हावरून वंश ठरवण्यातली गफलत माझ्याच घरच्या उदाहरणाने सांगतो. आमच्या भावकीतला वाद पाटीलकीच्या थोरल्या पातीचा (वडीलकीच्या शाखेचा), म्हणजेच जत्रेत पालखीपुढच्या पहिल्या नारळाचा आहे. आमच्या एका चुलत्यांनी जुन्या महजरावरचा (गावसभेच्या निवाड्याच्या कागदावरचा), त्यांच्या पूर्वजाच्या नावाशेजारचा नांगर संगमरवरात कोरून घेतला आणि ‘कुलचिन्ह’ म्हणून दारावर बसवला. मूळ कागदाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात बोरूच्या चार फराट्यांत रुमणे, इसाड आणि फाळ काढलेला असून शेजारी कारकुनाच्या हातचे ‘निशाणी नांगर’ आहे. त्याच कागदावर शेजारगावच्या पाटलांनीही नांगरच काढले आहेत आणि बलुतेदारांनी आपापली अवजारे. ही हुद्द्याची व धंद्याची निशाणी होती. तिच्यावरून वंश ठरवायचा तर परगण्यातले सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद ठरतील. थोरली पाती कळते ती त्याच महजरातल्या ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) या नावांवरून, आणि ती नावे चुलत्यांनी कोरून घेतली नाहीत, कारण तिथे आमच्या खापरपणजोबांची शाखा आधी येते.

संस्थानिकांच्या राजचिन्हांचा दाखला तर कोणी देऊच नये. 1877च्या दिल्ली दरबारात त्यांना जी निशाणे दिली गेली, त्यांवरची चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने बेतलेली होती.

ताम्रपटावरच्या मुद्रेची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिच्यासोबत वंशावळीचा मजकूर असतो. देवकालाही (लग्नकार्यात पुजल्या जाणाऱ्या कुळाच्या चिन्हालाही) थोडी किंमत द्यावी. ते वेगळे निघाले तर एक कूळ मानणे अवघड होते, पण जुळले म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण पंचपल्लव (पाच झाडांची पाने) कितीतरी कुळांचे देवक आहे.

तुमच्या घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आधी पाहा आणि भाऊबंदांना त्यांच्याकडचे मूळ कागद चारचौघांत उघडायला लावा. आमचा महजर अजून चुलत्यांच्या पेटीत आहे. तो जत्रेआधी गावासमोर वाचला जावा, ही माझी मागणी कायम आहे.