जिल्हा परिषदेच्या शाळेत जुन्या संगणकांवर लिनक्स सुरू करायचंय, मदत कुठे मिळेल?

आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या व्हिडिओ-धड्यांपासून सुरुवात करा, फुकट आहे आणि मराठीतही आहे. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट संगणक-प्रणाली), लिबरऑफिस (पत्रं, तक्ते करायला), जिओजेब्रा (गणितासाठी) यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे तिथे मिळतात. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून, ऐकत-ऐकत करून बघायचं, अशी त्यांची रचना आहे, त्यामुळे शिकवणाऱ्या सरांनाही आधी तज्ज्ञ व्हावं लागत नाही. नेट नसेल तर धडे उतरवून शाळेत न्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे चालतं का, अशी शंका कोणी काढली तर केरळचं उदाहरण द्या: तिथल्या सरकारी शाळांत ‘काइट’ ही सरकारी कंपनी उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली स्वतःची प्रणाली पुरवते, शिक्षकांना प्रशिक्षणही देते.

यंत्रं जुनी असतील तर लिनक्स मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बघा. किमान २ जीबी रॅम लागते (४ असेल तर बरं), प्रोसेसर मात्र ६४-बिटच हवा. हार्ड डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून आवाज, वायफाय आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. घोडं बहुतेक वेळा प्रिंटरपाशीच अडतं.

एक अडचण मात्र राहतेच. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या देवनागरी फाँटमध्ये टाइप केलेली जुनी पत्रकं फाँट नसेल तर गिचमिड दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या, नाहीतर कार्यालयातला एक संगणक आहे तसाच ठेवा.