प्रतिक्रांतिकारी म्हणजे नेमकं कोण? क्रांतीला विरोध करणारा प्रत्येक जण का?

नाही, प्रत्येक जण अजिबात नाही. क्रांती उलटवून आधीची सत्ता, आधीची उतरंड परत बसवायला जो धडपडतो तो प्रतिक्रांतिकारी. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर देशातून पळालेले सरदार सीमेपलीकडे फौज जमवत होते ती प्रतिक्रांतीच. नुसता जुन्या विचारांचा, बदल नको म्हणणारा माणूस असेल तर त्याला प्रतिगामी म्हणा, तेवढं पुरे.

बाबासाहेबांनी हा शब्द अगदी काटेकोर वापरलाय. बुद्धाची चळवळ ही क्रांती, आणि पुष्यमित्र शुंगाने मौर्यांची सत्ता घेतल्यावर ब्राह्मणी व्यवस्था पुन्हा लादली गेली ती प्रतिक्रांती, अशी त्यांची मांडणी आहे. पटो न पटो, काय उलटवलं आणि काय परत आणलं हे त्यात स्पष्ट आहे.

घोळ होतो तो क्रांतिकारक स्वतः सत्तेत बसले की. रशियातलं १९२१ चं क्रोनश्टाट घ्या. १९१७ ला याच नाविक तळाने क्रांतीला खांदा दिला होता आणि चार वर्षांनी तिथल्या नाविकांनी मागितलं काय तर सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, निवडणुका नव्याने आणि गुप्त मतदानाने घ्या, कामगार-शेतकऱ्यांना बोलू द्या, छापू द्या, डाव्या पक्षांच्या कैद्यांना सोडा. झार परत आणा असं त्यात एका ओळीत नाही हो! तरी सरकारने याला प्रतिक्रांती ठरवलं आणि गोठलेल्या समुद्रावरून सैन्य घालून उठाव चिरडला. मला हे वाचताना अजूनही संताप येतो, कारण एकदा हा शिक्का बसला की माणूस काय म्हणतोय ते कुणी ऐकतच नाही, थेट शत्रू.

हंगेरीत १९५६ चा उठाव तीसेक वर्षं सरकारी भाषेत प्रतिक्रांतीच होता, उठावाच्या वेळचे पंतप्रधान इम्रे नॉजना १९५८ ला फाशी दिलं, आणि १९८९ च्या जानेवारीत सत्ताधारी पक्षाच्याच एका बड्या नेत्याने रेडिओवर १९५६ ला लोकांचा उठाव म्हटलं. घटना तीच, माणसं तीच.

चीनमध्ये तर हा कायद्यातला गुन्हाच होता. १९९७ ला तो काढून तिथे राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात आणण्याचा गुन्हा आणला, पण आधी ज्यांना शिक्षा झाली होती ते काही त्यामुळे सुटले नाहीत.