उंच गाडीच्या इंजिनापर्यंत पोचण्यासाठी शिडी घ्यावी का?

आपण विचारले आहे की, बोलेरोला मोठे टायर बसवल्यापासून देवगडच्या घरी खळ्यात (घरासमोरच्या अंगणात) उभे राहून डिझेल फिल्टर किंवा बेल्ट बदलताना हात पुरत नाही आणि अर्ध्या तासात कंबर धरते; आपली उंची पाच फूट दोन इंच आहे, तर घडीची शिडी घ्यावी का. माझ्या मते शिडी घेऊ नये; तिच्याऐवजी उभे राहायला रुंद लाकडी पाट करावा.

शिडीच्या पायरीवर तळव्याचा जेमतेम अर्धा भाग टेकतो आणि हे काम तर दोन्ही हातांचे असते. गंजलेला नट पान्याला दाद देत नाही, देत नाही आणि मग एकदम सुटतो. त्या क्षणी शरीर ज्या बाजूला झोकले जाते तिकडे पाय टाकायला जागा लागते, आणि शिडीवर नेमकी तीच नसते. शिवाय शिडीचे पाय बंपरला अडत असल्यामुळे आपण इंजिनापासून आणखी वीतभर मागे राहतो. म्हणजे उंची मिळते, पण पल्ला वाढतो. आणि लांबवलेल्या हातांनी वाकून काम करणे हेच कंबरदुखीचे खरे कारण आहे.

टायरांना मात्र सगळा दोष देऊ नये. बोलेरोच्या मूळच्या 215/75 आर 15 या टायरचा व्यास सुमारे 703 मि.मी. भरतो आणि मोठ्या 245/75 आर 16 चा सुमारे 774 मि.मी. फरक 71 मि.मी. दिसतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरने. आपली अडचण त्याआधीही होतीच, आता ती जाणवू लागली इतकेच.

उपाय करण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. काम करताना जी चप्पल किंवा बूट घालता ते घालून सरळ उभे राहावे आणि जमिनीपासून मांडीच्या सांध्यापर्यंतची उंची मोजावी. मग मडगार्डच्या वरच्या कडेची उंची मोजावी. ही कड साधारण त्या सांध्याच्या पातळीला आली की माणूस पाठीतून न वाकता खुब्यातून वाकतो आणि मांड्या गाडीला टेकवून वजन तिच्यावर सोडू शकतो. दोन मापांतला फरक ही आपल्या पाटाची उंची. समजा कड 110 सेंटिमीटरवर आणि सांधा 82 वर असेल, तर 28 सेंटिमीटर पुरे. त्याहून उंच पाट केल्यास डोके उघड्या बोनेटच्या खिटीवर आपटते, आणि तो अनुभव विसरता येत नाही.

पाट चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असावा, म्हणजे रेडिएटरपासून बॅटरीपर्यंत खाली न उतरता सरकता येते. फणसाच्या किंवा बाभळीच्या चौकटीवर 18 मि.मी.चे मरीन प्लाय ठोकावे. पाय किंचित बाहेर पसरलेले ठेवावेत, कारण कडेवर उभे राहिल्यावर सरळ पायांचा पाट कलंडतो. वरचा पृष्ठभाग खरखरीत हवाच. त्यासाठी ऑईलपेंटचा हात ओला असतानाच चाळलेली वाळू त्यावर भुरभुरावी आणि वाळल्यावर दुसरा हात द्यावा. किनाऱ्यावरची वाळू घेतल्यास ती आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी, नाहीतर तिच्यातले मीठ खिळे खाऊन टाकते. आपल्याकडे मासळीचे प्लास्टिकचे क्रेट पालथे घालून त्यावर चढण्याची सर्रास पद्धत आहे. ते क्रेट ऑईलच्या दोन थेंबांनी निसरडे होतात आणि उन्हाने कडक झालेले असले तर मधोमध फुटतात.

पाट करण्याआधी आपल्या जागेकडेही एकदा नीट पाहावे. कोकणातले घर बहुधा उतारावर असते आणि खळ्याच्या खालच्या अंगाला फूट-दीड फुटाचा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, धक्का (बांध) असतो. खालच्या पातळीवर गाडी सपाट जागी उभी राहत असेल, तर तिचे तोंड त्या धक्क्याकडे करून उभी करावी आणि आपण वरच्या खळ्यात उभे राहावे. पायाखाली पक्की जमीन, रुंदीला मर्यादा नाही आणि हलणारे काहीच नाही. मी स्वतः शक्य तेव्हा पाटाऐवजी हेच करतो. यात धोका एकच, पण मोठा आहे: गाडी पुढे सरकली तर माणूस बंपर आणि धक्का यांच्यामध्ये सापडू शकतो. म्हणून हँडब्रेक ओढून आणि गाडी गिअरमध्ये ठेवून शिवाय चाकांना पुढून-मागून अटकण द्यावी, बंपर धक्क्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली राहील तिथे तर खाली गाडी आणि धक्का यांच्यामध्ये कोणालाही उभे राहू देऊ नये, आणि अशा जागी इंजिन चालू करून तपासणी करूच नये.

उंचीचा प्रश्न सुटला तरी इंजिनाच्या मागच्या बाजूचा पल्ला उरतोच. बोलेरोचे इंजिन लांबीत बसवलेले असल्यामुळे पंखा आणि बेल्ट समोरून हाताशी येतात, पण मागची जोडणी पार आत जाते. तिथे कुशीवरून, म्हणजे मडगार्डच्या बाजूने काम करावे, पाट तिकडे सरकवावा, आणि मडगार्डवर जुन्या गोधडीची चौपदरी घडी टाकावी. पट्ट्याचे बक्कल रंगाला फार वाईट चरे पाडते. काही गॅरेजांत इंजिनावर आडवी फळी धरणारा चाकांचा लोखंडी सांगाडा असतो, ज्यावर छाती टेकवून ओणवे पडता येते. फॅब्रिकेशनवाल्याकडून तसा करून घेता येतो आणि फळीवरची फोमची गादी रिक्षाच्या सीटा शिवणारा रेक्झिनमध्ये बसवून देतो. महिन्यातून एकदाच बोनेट उघडणाऱ्याने मात्र त्या खर्चात पडू नये. पान्याचे लांब एक्स्टेन्शन, वळणारा सांधा आणि दांड्याचे लोहचुंबक एवढ्यावर बहुतेक कामे निभावतात. ओणवे पडण्यापूर्वी गळ्यातली साखळी काढावी, इंजिन निवू द्यावे आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, कारण काही गाड्यांचा विजेवरचा पंखा चावी बंद असतानाही फिरू लागतो.

ऑईल फिल्टर किंवा संपचे (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीचे) काम वरून करण्याचा हट्ट धरू नये. ते खालूनच सोपे पडते. गाडी उचलावी लागली तर जॅकखाली जाड फळी घालावी, कारण पावसाळ्यात खळ्याची माती भुसभुशीत होऊन जॅक एका बाजूला रुततो, आणि त्यानंतर चासीखाली लोखंडी घोड्या लावल्याखेरीज कोणी खाली शिरू नये. घोडीच्या जागी चिरा रचणे तर सर्वस्वी टाळावे. जांभा सच्छिद्र असतो, त्यावर एका बिंदूत भार आला की तो कोणतीही सूचना न देता दुभंगतो.

शेवटी एक किनाऱ्याची गोष्ट. दुपारी खारा वारा सुटला की तो उघडे बोनेट उचलतो, त्याला टेकू देणारा दांडा खोबणीतून निसटतो आणि बोनेट मानेवर येते. गाडीचे तोंड समुद्राकडे असेल तर हा धोका अधिक. तेव्हा काम सकाळी उरकावे, किंवा दांडा वरच्या खोबणीशी सुंभाने घट्ट बांधूनच आत वाकावे.