क्युबाच्या वेळी माघार नक्की कुणी घेतली?

प्रश्न : १९६२ मध्ये रशिया घाबरला आणि क्युबातून मिसाईल काढून घेतली असं शाळेपासून ऐकतोय, खरंच एवढं सोपं होतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही हो, अर्धीच गोष्ट सांगितलीय तुम्हाला. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरी विमानाने क्युबातल्या रशियन मिसाईलचे फोटो काढले, २२ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी टीव्हीवर क्युबाची नाकेबंदी जाहीर केली, हे सगळ्यांना माहितीये. पण खरी गंमत २७ तारखेची, म्हणजे गंमत कसली, जीव टांगणीला! त्या दिवशी क्युबावर अमेरिकेचं विमान पाडलं, पायलट गेला, आणि तिकडे समुद्राखाली बी-५९ या रशियन पाणबुडीत अणुटॉर्पेडो होता, वर अमेरिकन जहाजं इशाऱ्याचे स्फोट करतायत, आत उकाड्याने माणसं बेजार, कॅप्टन टॉर्पेडो सोडायच्या बेतात, आणि वासिली अर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं. त्याच रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी गुपचूप रशियन राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर अणुमिसाईल पण काढतो, फक्त बोभाटा करू नका, असं ठरलं. २८ला रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी रेडिओवरून माघार जाहीर केली, ज्युपिटर मात्र १९६३ च्या एप्रिलपर्यंत चुपचाप हलवली. म्हणजे देवाणघेवाणच की!

दोन्ही देशांतली थेट संपर्काची हॉटलाईन पण त्यानंतरचीच, १९६३ ची. लाल फोनबिन काही नव्हता, टेलिप्रिंटर होता. आणि आपल्याकडे? क्युबाच्या त्याच दिवसांत, २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला होता, त्यामुळे क्युबाकडे बघायला वेळ कुणाला होता!